सीमेपलीकडचा आरोपी आणि अलीकडचा साक्षीदार

लोणावळ्याहून मुंबईकडे निघालेली गाडी खंडाळा सोडून घाटात शिरते. बोगद्यांमागून बोगदे जातात, आणि घाट उतरेपर्यंत पुणे जिल्हा संपून रायगड जिल्हा लागलेला असतो. आम्हां मावळवासीयांना त्याचे काही वाटत नाही. कामाधंद्यासाठी, दवाखान्यासाठी, पाहुणेरावळ्यांकडे आम्ही रोज ही हद्द ओलांडतो. परंतु पोलिसांसाठी मात्र ती हद्द असते. लोणावळ्यात कुणाची मोटारसायकल चोरीला गेली आणि चोर घाट उतरून खोपोलीला जाऊन लपला, तर लोणावळ्याच्या पोलिसांना तिकडच्या पोलीस ठाण्याला कळवावे लागते, त्यांची मदत घ्यावी लागते, कागद करावे लागतात. मग तो चोर वडगाव मावळच्या न्यायालयासमोर उभा राहतो. कायदा एक, देश एक, संविधान एक, तरी एवढा व्याप!

आता वाचकांनी क्षणभर विचार करावा. हाच आरोपी खोपोलीला नसून समुद्रापलीकडे अमेरिकेतल्या शिकागो शहरात असेल तर? तिथे ना आपले पोलीस ठाणे, ना आपला कायदा, ना आपले न्यायालय. मग इथे मेलेल्या माणसांना न्याय मिळायचा कसा? हा प्रश्न मोठ्या लोकांचा आहे, आपल्यासारख्या हातावर पोट असणाऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध, असे काहींना वाटेल. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे, हेच आज सांगायचे आहे.

पुण्याच्या गाडीची वाट पाहताना

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आमच्या पिढीतला कोणी विसरणार नाही. पाकिस्तानातून समुद्रमार्गे आलेल्या दहा अतिरेक्यांनी मुंबईवर हल्ला केला. १६६ माणसे मारली गेली. वर्तमानपत्रांतून ताज आणि ओबेरॉय या मोठ्या हॉटेलांची छायाचित्रे अधिक आली. परंतु ५८ माणसे मेली ती बोरीबंदरला, म्हणजे त्या वेळच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर. लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहत, बोचकी-ट्रंकांवर बसलेली ती साधी माणसे होती. कुणी गावाला निघालेले, कुणी कामावरून परतणारे. स्थानकावरचे उद्घोषक विष्णू झेंडे यांनी गोळीबार चालू असताना आपली जागा सोडली नाही. ध्वनिक्षेपकावरून ते प्रवाशांना स्थानकाबाहेर पडायला सांगत राहिले, म्हणून कितीतरी जण वाचले.

त्याच फलाटावर वडील व भावाबरोबर एक नऊ वर्षांची मुलगी पुण्याला येण्यासाठी गाडीची वाट पाहत होती. तिच्या पायात गोळी शिरली. म्हणजे ती आपल्याच मार्गावरची प्रवासी होती. गाडी वेळेवर मिळाली असती, तर मध्यरात्री ती लोणावळ्यावरूनच पुढे गेली असती.

आमच्या वस्तीतले एक गृहस्थ त्या दिवशी मुंबईला गेले होते. ते दादरला गाडीत बसले म्हणून सुखरूप घरी आले. परंतु ते दारात दिसेपर्यंत त्यांच्या घरात कुणी अन्नाला शिवले नव्हते. पुढे दहा दिवसांनी ६ डिसेंबर आला. यंदा चैत्यभूमीला जावे की न जावे, अशी घरोघर चर्चा झाली. बायाबापड्या म्हणाल्या, भिऊन घरी बसायचे तर मग बाबासाहेबांचे नाव कशाला घ्यायचे? मंडळी नेहमीप्रमाणे गेली.

एक सापडला, बाकीचे कुठे होते?

दहापैकी नऊ जण मारले गेले. अजमल कसाब जिवंत सापडला, तो सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्यामुळे. गिरगाव चौपाटीजवळ त्यांनी कसाबच्या बंदुकीला मिठी मारली आणि स्वतःच्या देहावर गोळ्या झेलल्या.

परंतु हे दहा जण केवळ हात होते. डोके दुसरीकडे होते. अतिरेकी मुंबईत गोळ्या झाडत असताना त्यांना दूरध्वनीवरून हुकूम मिळत होते ते पाकिस्तानातून. हे बोलणे इंटरनेटमार्गे चालणाऱ्या दूरध्वनी सेवेवरून होत होते आणि ती सेवा पुरवणारी कंपनी होती अमेरिकेत. त्या सेवेचे पैसे भरले गेले त्यातला एक भरणा इटलीतल्या ब्रेशिया या गावातून झालेला. रक्कम किती? सुमारे २३० डॉलर. आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले, म्हणून हा तपशील आमच्या मनात रुतून बसला. १६६ माणसांच्या मृत्यूमागच्या खर्चातली ही एक नोंद! परंतु ती नोंद कुठेतरी राहिली होती, म्हणूनच इटलीच्या पोलिसांनी २००९ साली ते दुकान चालवणाऱ्यांना पकडले. गुन्हा तीन-चार देशांत पसरलेला, तर तपासही तितक्याच देशांत जायला हवा. एकट्या मुंबई पोलिसांचे ते कामच नव्हते.

मेलेल्यांत सहा अमेरिकन नागरिक होते. त्यामुळे अमेरिकेच्या कायद्यानेही हा गुन्हा ठरला, आणि तिथल्या एफबीआय या तपास यंत्रणेने मदत केली. अतिरेक्यांकडच्या दिशादर्शक यंत्रातील माहिती तिने काढून दिली. तिचे अधिकारी मुंबईच्या खटल्यात साक्षही देऊन गेले.

नाव बदलले, व्हिसा मिळाला

२००९ च्या ऑक्टोबरात शिकागोच्या विमानतळावर डेव्हिड हेडली नावाचा इसम पकडला गेला. याचे मूळ नाव दाऊद गिलानी. बाप पाकिस्तानी, आई अमेरिकन. २००६ साली त्याने रीतसर नाव बदलून घेतले. नव्या नावाचा अमेरिकन पासपोर्ट घेऊन तो मुंबईत वारंवार आला, हॉटेलांची आणि स्थानकाची पाहणी करून गेला. मुंबईत येण्यासाठी त्याला कार्यालयाचे निमित्त हवे होते. शिकागोत तहव्वुर राणा नावाचा त्याचा शाळासोबती परदेशी जाणाऱ्यांचे कागद करून देण्याचा व्यवसाय करीत असे. त्याच व्यवसायाची मुंबई शाखा म्हणून हेडलीने कार्यालय थाटले. हल्ल्यानंतरही, मार्च २००९ मध्ये, हेडली पुन्हा भारतात आला आणि पुण्याच्या कोरेगाव पार्कातही फिरून गेला.

कचेरीत आवक-जावकाची नोंदवही सांभाळणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला यातून एक गोष्ट दिसते. हा माणूस भिंत फोडून आला नाही. तो अर्ज भरून आला, शिक्का मारून आला. त्याला पकडण्याचे कामही शेवटी अर्ज, शिक्के आणि नोंदी यांनीच केले.

हेडलीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. त्याच्या बदल्यात दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या: फाशी नाही, आणि भारताच्या स्वाधीन करायचे नाही. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. आपल्या लोकांना याचा संताप आला, आणि तो रास्तच होता. इथे १६६ चिता व कबरी, आणि तो तिकडे सौदा करतो! परंतु आपल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेचे, म्हणजे एनआयएचे, अधिकारी जून २०१० मध्ये शिकागोला जाऊन त्याची चौकशी करून आले. पुढे मुंबईच्या न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये हेडली अमेरिकेतल्या तुरुंगात आणि न्यायाधीश मुंबईत, अशी दूरचित्रसंवादाद्वारे त्याची साक्ष झाली. सरकारी वकील होते उज्ज्वल निकम. अशी साक्ष चालते, हे २००३ सालीच महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले होते. सबंध आरोपी हाती लागला नाही, तरी त्याचे शब्द लागले.

एक राहून गेलेली उलटतपासणी

आता या कथेतली सर्वांत बोधप्रद गोष्ट. हल्ल्याचा कट जिथे शिजला त्या पाकिस्तानातही खटला चालू झाला. झकी उर रहमान लखवी व इतर सहा जण त्यात आरोपी होते. मुंबईतले साक्षीदार तिकडे जाणार नाहीत, म्हणून पाकिस्तानचे न्यायिक पथक मार्च २०१२ मध्ये मुंबईला आले. कसाबचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकारी, मुख्य तपास अधिकारी रमेश महाले आणि शवविच्छेदन करणारे दोन डॉक्टर, अशा चौघांच्या जबान्या झाल्या. परंतु दोन्ही देशांतल्या ठरावाप्रमाणे त्या पथकाला उलटतपासणीची मुभा नव्हती. पथक परत गेले. तिकडच्या न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये सांगितले की उलटतपासणी झालेली नाही, सबब हा पुरावा धरता येत नाही! सप्टेंबर २०१३ मध्ये पथक पुन्हा आले, तेव्हा कुठे उलटतपासणी झाली. दीड वर्ष गेले. तेवढ्यात, मे २०१३ मध्ये, तो खटला चालवणारे पाकिस्तानचे सरकारी वकील चौधरी झुल्फिकार अली यांची इस्लामाबादेत भर रस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली. डिसेंबर २०१४ मध्ये लखवीला जामीन मिळाला आणि एप्रिल २०१५ मध्ये तो तुरुंगाबाहेर आला.

तिथल्या राज्यकर्त्यांची इच्छाच नव्हती, असे म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे. परंतु इच्छा नसणाऱ्याच्या हाती आपण निमित्त का द्यावे? तसेच, सत्यासाठी उभे राहिलेला एक वकील त्याच देशात मारला गेला, हेही आपण विसरू नये. सगळा देश गुन्हेगार नसतो.

पुढे लखवीला तुरुंगात जावे लागले, पण कशासाठी? जानेवारी २०२१ मध्ये त्याला शिक्षा झाली ती दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल. पैशाच्या गैरव्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ ते २०२२ या काळात पाकिस्तानला संशयाच्या यादीत ठेवले होते. कर्जे व व्यापार अडू लागला, तेव्हा तिथली न्यायालये हलली. माणसांच्या रक्ताने जे झाले नाही, ते हिशेबाच्या वहीने काही अंशी झाले. परंतु मुंबईच्या १६६ जणांबद्दलचा निवाडा मात्र त्या देशात झालेला नाही.

कसाबला वकील का दिला?

त्या वेळी गल्लीबोळांत एकच सूर होता: कसाबला खटला कशाला, चौकात लटकवा. बिर्याणी खाऊ घालता काय? आमच्याही तोंडून रागाच्या भरात असे शब्द गेले असतील. आज मागे वळून पाहताना वाटते, तसे झाले नाही हे फार बरे झाले.

आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात न्यायमूर्ती एम. एल. टहलियानी यांच्यासमोर खटला चालला. अकरा हजारांहून अधिक पानांचे दोषारोपपत्र होते. आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळाला. पुण्याच्या गाडीची वाट पाहणारी ती मुलगी जून २००९ मध्ये कुबड्या घेऊन न्यायालयात आली आणि बोट दाखवून तिने कसाबला ओळखले. मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने ती २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी आपल्याच पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात ती अमलात आली. याच खटल्यात फहीम अन्सारी व सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची घाई न्यायालयाने केली नाही.

२६ नोव्हेंबर हा संविधान स्वीकारल्याचाही दिवस. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या त्या संविधानात २१ व २२ ही कलमे आहेत: कायद्याने ठरलेल्या रीतीवाचून कुणाचाही प्राण घेता येणार नाही, आणि अटक झालेल्याला वकिलाचा सल्ला घेता येईल. हे हक्क फक्त नागरिकाचे नाहीत, प्रत्येक माणसाचे आहेत. त्याच संविधानाच्या ५१ व्या कलमात सांगितले आहे की आंतरराष्ट्रीय कायदा व करारांतील बंधने यांबद्दल आदर वाढवण्याचा प्रयत्न राज्याने करावा. ही नुसती शोभेची वाक्ये नव्हेत. त्यांचा रोकडा उपयोग कसा झाला ते पुढे पाहा.

सोळा वर्षांनी उतरलेले विमान

तहव्वुर राणाला शिकागोच्या पंचमंडळाने जून २०११ मध्ये मुंबईच्या आरोपातून सोडले. डेन्मार्कमधील कट व लष्कर-ए-तय्यबाला साहाय्य या आरोपांखाली मात्र त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. २०२० साली तो सुटला, तेव्हा भारताने त्याला मागितले. १९९७ साली झालेला भारत-अमेरिका प्रत्यार्पण करार हाती होता. करार म्हणजे काय, तर तुमच्याकडे लपलेला आमचा आरोपी तुम्ही द्या, आमच्याकडचा तुमचा आम्ही देऊ. पण न्यायालयाने पुरावा पाहिल्यावरच.

राणाचे म्हणणे होते, एकदा सुटलो, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला कसा? एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नको हे तत्त्व आपल्याही संविधानात २० व्या कलमात आहे, म्हणून हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अमेरिकेच्या न्यायालयांनी तो पायरीपायरीने तपासला. मे २०२३ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की भारतातील आरोपांचे घटक वेगळे आहेत, सबब करार आड येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. १० एप्रिल २०२५ रोजी राणाला घेऊन विमान दिल्लीत उतरले. हल्ल्याला सोळा वर्षे उलटून गेली होती. आता तो आरोपी आहे. दोषी की निर्दोष हे न्यायालय ठरवील, आपण नव्हे.

आम्हांस वाटते, कसाबला आपण चौकात लटकवले असते, तर कोणत्या तोंडाने दुसऱ्या देशाकडे आरोपी मागितला असता? तिथला न्यायाधीश पहिला प्रश्न हाच विचारतो की या माणसाला तिकडे न्याय मिळेल काय. त्याचे उत्तर आपण आर्थर रोडच्या त्या खटल्यात आधीच लिहून ठेवले होते.

दिलेला शब्द पाळण्याचेही असेच आहे. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. त्यातला आरोपी अबू सालेम २००२ साली पोर्तुगालमध्ये सापडला. फाशी देणार नाही, २५ वर्षांहून अधिक काळ डांबणार नाही, असे भारत सरकारने लिहून दिले, तेव्हा २००५ साली तो आपल्या ताब्यात आला. २०१७ साली त्याला जन्मठेप झाली. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारने दिलेला शब्द सरकारला पाळावाच लागेल. मृतांच्या घरच्यांना हे कडू लागते. परंतु आज शब्द मोडला तर उद्या दुसरा आरोपी कोणी देणार नाही.

पंच म्हणून सही कोण करणार?

वाचकहो, एवढा मोठा फेरा मारून आता पुन्हा मावळात येऊ. शिकागो, ब्रेशिया, रावळपिंडी, दिल्ली या साऱ्या गावांत फिरलेल्या पुराव्याची सुरुवात कुठे झाली? मुंबईच्या फलाटावर, पंचनाम्यात, एका मुलीच्या बोटात. तिथे सही करणारे पंच आणि साक्षीला उभी राहिलेली माणसे आपल्यासारखीच होती. ती कचरली असती, तर जगातला कोणताही करार कामी आला नसता.

आणि आपल्याकडे काय होते? वस्तीत काही वाईट घडले, पोलीस पंच मागायला आले, की दारे लागतात. "कोर्टाच्या खेपा कोण घालणार, रोज बुडतो, वर वैर येते," असे म्हणतात. हे कारण खोटे नाही. रोजंदारीवरच्या माणसाला वडगावची एक तारीख म्हणजे एक दिवसाची चूल. आम्हीही एकदा एका प्रकरणात साक्षीसाठी तीनदा रजा टाकली आणि तिन्ही वेळा पुढची तारीख घेऊन आलो. परंतु अत्याचाराच्या खटल्यांत आपलेच साक्षीदार फितूर झाले, पंचांनी "सही माझी, पण काय लिहिले ते ठाऊक नाही" असे सांगितले, की आरोपी हसत बाहेर पडतो आणि मार खाल्लेले घर मान खाली घालून गावात राहते. हे दुःख आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक आहे?

म्हणून चार गोष्टी घरात बोलून ठेवाव्यात. पंचनाम्यावर वाचल्यावाचून सही करू नये, वाचता येत नसेल तर पोराबाळाकडून वाचून घ्यावा. फिर्याद दिली की तिची प्रत मागून घ्यावी, ती फुकट मिळते. दवाखान्याचे कागद, पावत्या, मोबाईलमधले फोटो जपून ठेवावेत. साक्षीच्या दिवशी एकट्याला पाठवू नये, शेजारच्या दोघांनी बरोबर जावे आणि त्याच्या बुडालेल्या रोजाची वस्तीने भरपाई करावी.

ती मुलगी कुबड्या घेऊन न्यायालयाची पायरी चढली तेव्हा तिला प्रत्यार्पण हा शब्दही ठाऊक नसेल. तिने फक्त जे पाहिले ते सांगितले. घाट उतरून गेलेला असो की समुद्र ओलांडून गेलेला असो, आरोपीला परत आणणारी वाट तिथूनच सुरू होते.

जयभीम!